चिंचेच्या सावलीतलं भरीत

मी जळगावात एका सराफी पेढीवर काउंटरला आहे. हार कसा दिसतो हे गिऱ्हाइकाला दाखवायला आम्ही तो आधी स्वतःच्या गळ्यात घालतो. तेव्हा बायकांची नजर हारावरून माझ्या मानेच्या उजव्या बाजूच्या व्रणावर जाते आणि तिथेच थांबते. "ऑपरेशन झालं का हो?" मी म्हणते, "मधमाश्या चावल्या." बायका हसतात. मधमाशी चावली की गाल सुजतो, चार लोक चेष्टा करतात, संपलं, एवढंच त्यांना माहीत असतं. मलाही तेवढंच माहीत होतं. मग मी हाराचं वजन सांगते आणि विषय बदलते.

इथे बदलणार नाही. त्या मधमाश्यांनी माझे वडील नेले, माझ्या दोन्ही किडन्या बंद पाडल्या आणि माझं माहेर जवळजवळ तोडलं. वडील परत येणार नव्हतेच. किडन्यांसाठी डॉक्टर होते. पण माहेर राहतं की जातं, या धास्तीनं मी त्या खाटेवर जितकी जळले तितकी विषानंही जळले नसेन. म्हणून सगळं जसं झालं तसं सांगते.

धूर

थंडी पडली की आमच्या जळगावात भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. घरात गॅसवर भाजलेल्या वांग्याला आम्ही भरीत म्हणतच नाही. शेतात जायचं, कपाशीच्या वाळलेल्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, ढीगभर रचायच्या, त्यात पांढरट हिरवी मोठाली वांगी टाकायची आणि पेटवून द्यायचं. जाळ डोक्याच्या वर जातो आणि धूर त्याच्याही वर. तो धूर वांग्याला लागला नाही तर खाणारा पहिल्या घासालाच तोंड वाकडं करतो.

माझा धाकटा भाऊ गोकुळ जामनेर तालुक्यात शेती करतो, केळी आणि कपाशी. दर हिवाळ्यात तो आम्हाला जळगावच्या पिंप्राळ्याहून भरिताला बोलावतो. त्या वर्षी मी, आमचे मिस्टर आणि शेजारचे सुधीरभाऊ असे गेलो. आमचे वडील, आबा, चिंचेखाली बाजेवर बसले होते. त्यांचे गुडघे पार गेले होते. गोकुळ त्यांना सकाळी मोटरसायकलवर बसवून शेतात आणायचा आणि संध्याकाळी न्यायचा, कारण घरात बसलं की ते चिडचिड करायचे. त्या चिंचेच्या उंच फांदीला आग्या मोहोळ होतं, चांगलं सुपाएवढं. दर हिवाळ्यात माश्या त्याच फांदीवर यायच्या. आबा रोज त्याच्याखाली झोप काढायचे आणि त्या माश्यांनी कधी त्यांच्या केसालाही धक्का लावला नव्हता.

गोकुळनं पऱ्हाट्यांचा ढीग लांब बांधावर रचला होता. तिथे ऊन होतं. आमचे मिस्टर पाइप कंपनीत सुपरवायझर आहेत. कुठली वस्तू कुठे असावी हे त्यांना सगळ्यांच्या आधी सुचतं, आणि सुचलं की गप्प बसवत नाही. ते म्हणाले, "गोकुळ, उन्हात कशाला उभं करतोस आम्हाला? ती चिंचेची सावली काय शोभेला ठेवलीय? ढीग तिकडे घे."

"दाजी, तठी वर मोहोय हाये," गोकुळ म्हणाला.

"किती उंच आहे ते! आणि धुरानं माश्या पळतात, अंगावर येत नाहीत. मोहोळ काढणारेसुद्धा धूरच करतात की."

गोकुळनं आबांकडे पाहिलं. आबा बाजेवरूनच म्हणाले, "ने रे गोकुय इकडे. जवाई मानूस हाये. उन्हात नोको बसवू त्याइले."

झालं. आमच्याकडे जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत, आणि आबांचा तर गोकुळनं जन्मात मोडला नव्हता. त्यानं पऱ्हाट्या कवेत घेऊन घेऊन चिंचेखाली आणल्या. मी वांग्यांना तेलाचं बोट लावत बसले होते. काडी त्यानंच ओढली.

पळ

आधी आवाज आला. लांबून ट्रक चढ चढत यावा तसा. मी वर पाहिलं तर मोहोळाचा काळा रंग गळून पडत होता आणि आतलं पिवळं पोळं उघडं पडत होतं. म्हणजे पोळ्यावरच्या माश्या उठल्या होत्या.

"पय अक्का! तोंड झाक आन् पय!" गोकुळ ओरडला.

मिस्टर गाडीजवळ होते. ते आत शिरले आणि त्यांनी काचा वर केल्या. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. त्या घटकेला त्यांनी केलं तेच शहाणपणाचं होतं. सुधीरभाऊंनी शेततळ्यात उडी मारली. पण माणूस पाण्याखाली किती वेळ राहणार? श्वासाला डोकं वर काढलं की वर घिरट्या घालणाऱ्या माश्या तोंडावर बसायच्या. ते वाचले, पण पुढे कितीतरी दिवस त्यांना चमच्यानं भरवावं लागलं.

मी आबांकडे धावले. गोकुळनं सतरंजी आणून त्यांच्या अंगावर टाकली. आबांनी ती आतून ढकलून दिली, कारण त्यांचा जीव गुदमरत होता आणि थोड्या माश्या आतही शिरल्या होत्या. मी पदरानं झटकत होते, हातानं चिरडत होते. तेवढ्यात मला पिकलेल्या केळ्यांचा वास आला. शेजारी बाग आहे, तिथून येत असेल, असं त्या गोंधळातही वाटून गेलं. पुढे शेतकी कॉलेजातल्या एका बाईंनी सांगितलं की माशीनं डंख मारला, किंवा तिला चिरडलं, की तसाच वास सुटतो आणि बाकीच्या माश्या त्या वासावर येतात. मी झटकत होते आणि त्यांना बोलावत होते. केळीवाल्यांच्या घरची मी, पण आता पिकलेलं केळं घरात ठेवू देत नाही.

आबा बाजेवरून एकच म्हणत होते, "तिले ने. आधी तिले ने."

गोकुळनं मला दंडाला धरून पाण्याच्या मोटारीच्या खोलीपर्यंत ओढत नेलं, आत ढकललं आणि दार लावलं. मग तो आबांसाठी परत गेला. दाराच्या फटीतून मला धूर दिसत होता. वांगी अजून भाजत होती. त्यापुढचं मला आठवत नाही.

आबा जामनेरच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच गेले. तुम्हाला हे इथेच सांगते. मला मात्र कुणी सांगितलं नाही.

काळा चहा

जामनेरला इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं आणि तसंच जळगावच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. माझे डोळे सुजून मिटले होते. जीभ तोंडात मावत नव्हती, बोलता येत नव्हतं. कान मात्र शाबूत होते. आजारी माणसाला ऐकू येत नाही असं नातेवाईक का धरून चालतात कोण जाणे. दोन सिस्टर चिमट्यानं एकेक काटा काढत होत्या आणि आधी मोजत होत्या. मग त्यांनी मोजणं सोडून दिलं. कमळामावशी म्हणून एक आया होत्या. त्यांनी माझे केस विंचरले तेव्हा फणीतून मेलेल्या माश्या खाली पडल्या. त्यांनी त्या कागदात गुंडाळल्या आणि पुन्हा हळूहळू फणी फिरवली. त्या सगळ्या दिवसांत माझ्या अंगाला लागलेला तो पहिला मऊ हात होता.

दुसऱ्या दिवशी सूज थोडी उतरली. मला वाटलं, सुटले. लघवीला नेलं तेव्हा मावशींनी भांडं उचललं आणि सिस्टरला हाक मारली. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट आली होती. संध्याकाळपासून तीही बंद झाली.

डॉक्टर बाई खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. उभ्या उभ्या सांगितलं नाही, म्हणजे वाईट असणार हे मी ओळखलं. काउंटरवर माणसं वाचायची सवय आहे मला. त्या म्हणाल्या, "विषानं तुमचे स्नायू आतून तुटलेत आणि त्याचा गाळ किडनीत अडकलाय. किडन्या थांबल्यात. डायलिसिस करावं लागेल. बहुतेकांच्या परत सुरू होतात."

"आणि नाही झाल्या तर?" मिस्टरांनी विचारलं.

"आधी वाट बघू."

मला भीती वाटली. मानेत उजवीकडे जाड नळी घातली, तिचाच हा व्रण. तेव्हा मी जड जिभेनं आबांच्या नावानं विव्हळत होते, असं मुलीनं मागाहून सांगितलं. ती माझा पाय धरून उभी होती आणि म्हणत होती, "आबा बरे आहेत गं आई, घरी आहेत." तिला हे दिवसातून कितीदा तरी म्हणावं लागायचं. लेकरू खोटं बोलून बोलून वाळलं.

दाराबाहेर

त्याच सुमारास दाराबाहेर गोकुळचा आवाज ऐकला. तो स्वतःच जखमी होता, दोन दिवस जामनेरला सलाइनवर होता, हे मला मागाहून कळलं. तो म्हणत होता, "दाजी, मही किडनी घ्या. आजच घ्या. अक्काले लावा."

मिस्टर म्हणाले, "आधी जाळ लावायचा आणि मग किडनी द्यायची? तुझ्या अकलेनं ती अशी पडलीय. पुन्हा इथे येऊ नकोस."

गोकुळ एवढंच म्हणू शकला असता की ढीग कुणी हलवायला लावला. तो म्हणाला नाही. त्याच्या चपलांचा आवाज लांब गेला. मी आत जिभेचा लोळागोळा घेऊन पडले होते. मला ओरडायचं होतं आणि घशातून नुसती घरघर आली. सिस्टरला वाटलं मला पाणी हवंय.

पाणी तर मिळतच नव्हतं. लघवी नाही तर पाणी नाही, दिवसाला जेमतेम पेलाभर. मी बर्फाचा खडा गालात धरून बसायची. ज्यांनी तहान अशी मोजून भोगली नाही त्यांना सांगून कळणार नाही. शेजारच्या खाटेवरचा माणूस पाणी प्यायला की मला त्याचा राग यायचा. मिस्टर रोज सकाळी येऊन आधी खाटेखालच्या लघवीच्या बरणीकडे बघायचे, मग माझ्याकडे. बरणी कोरडी असायची. त्यांचं वजनही माझ्याइतकंच उतरलं होतं. ते माझ्यासाठी तिळतिळ तुटत होते हे खरं, आणि माझ्या भावाला त्यांनी हाकललं हेही खरं. एकाच माणसाची ही दोन्ही रूपं मनात घेऊन झोपणं मला जड जात होतं.

डायलिसिसला माझ्या शेजारी धुळ्याकडच्या एक बाई असायच्या. लेकीकडे जळगावला राहून आठवड्यातून ठरलेल्या वारी यायच्या. सगळे त्यांना अक्काच म्हणत. मशीन सुरू झालं की मी थरथरायची, तेव्हा त्या आपल्या शालीचं एक टोक माझ्याकडे टाकायच्या. "घाबरू नको व माय," त्या म्हणाल्या. "तुन्या किडन्या झोपेल शेतस. मन्या मरेल शेतस. झोपेल मानूस उठस." माझ्या नुसत्या झोपल्या होत्या, त्यांच्या मेल्या होत्या, आणि तरी त्या हसल्या. मला हसू आलं नाही. मी शालीचं टोक घट्ट धरून ठेवलं.

टोपी

जीभ उतरल्यावर मी पहिलं काय मागितलं असेल? गोकुळ. मिस्टर म्हणाले, शेतात कामं आहेत. मुलगी म्हणाली, त्याला ताप आहे. दोघांची उत्तरं जुळेनात तेव्हा मला कळलं की काहीतरी लपवताहेत. मला वाटलं, भांडण लपवताहेत.

एक दिवस मिस्टर ड्यूटीवर गेले असताना गोकुळ आला. डोक्याला कानटोपी, हातात कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा डबा. "तुह्या वयनीनं देल्ली. डॉक्टरले इचारून खाय," तो म्हणाला आणि खाटेच्या कडेला उभा राहिला. बसेना. चेहऱ्यावर डंखांचे काळे डाग होते. दुपारी वॉर्डात इतकं उकडत होतं की सिस्टरनं पंखा वाढवला होता.

"टोपी काढ ना," मी म्हटलं.

"राहू दे अक्का. थंडी वाजून राहिली."

तो पाणी भरायला वळला आणि टोपी थोडी वर सरकली. कानामागे एकही केस नव्हता. नुसतं पांढरं कातडं होतं.

हिंदू घरातल्या बाईला याहून जास्त सांगावं लागत नाही. मी "आबा?" एवढंच म्हटलं. गोकुळनं तांब्या खाली ठेवला, टोपी काढली आणि खाटेच्या पायथ्याशी बसून माझ्या पांघरुणात तोंड खुपसून रडला. मी त्याच्या तुळतुळीत डोक्यावर हात ठेवला. मला रडायला पाणीही नव्हतं अंगात.

"मी तुले आधी नेलं," तो म्हणत होता. "आबाले मांगून नेलं. मले काय म्हाईत व्हतं अक्का."

"आबांनीच सांगितलं होतं तुला. मी ऐकलंय."

तेवढ्यात मिस्टर आले. "याला आत कोणी सोडलं?" ते दारातूनच म्हणाले.

माझा आवाज अजून फाटका होता, पण होता. मी म्हटलं, "सावली कोणी मागितली होती?"

मिस्टर दारात उभे राहिले. कंपनीत शंभर माणसांना उत्तर देणारा माणूस. ते वळून बाहेर गेले. गोकुळ मलाच म्हणाला, "काहाले बोलली तू? तुह्या घरात इख नको कालवू माह्याच्यासाठी." आणि टोपी घालून निघून गेला.

थेंब

त्यानंतर काही दिवसांनी बरणीत तळाला थोडीशी लघवी दिसली. कमळामावशींनी ती बरणी वर उजेडात धरली, जशी मी अंगठी धरते. मिस्टर तिथे होते. ते भिंतीकडे तोंड करून रडले. मग रोज थोडी थोडी वाढली आणि एक दिवस डॉक्टर बाई म्हणाल्या, आता मशीन नको.

धुळ्याच्या अक्कांचा निरोप घ्यायला गेले तर त्या नेहमीच्या खाटेवर होत्या. "सुटनी व माय तू," त्या म्हणाल्या. "आते मांगे वळीसन देखू नको." मी वळून पाहिलंच. त्यांनी शाल डोक्यावरून घेतली होती. पुढे तपासणीला गेले तेव्हा त्या खाटेवर दुसरंच कुणी होतं.

जे तेव्हा माहीत हवं होतं

आग्या मोहोळ आपणहून कुणाच्या मागे लागत नाही. आबांनी त्याच्याखाली हिवाळेच्या हिवाळे काढले. पण धूर, जाळ, दगड, फटाके, डोकं उठवणारं अत्तर आणि झाडाखालचा दंगा त्यांना सहन होत नाही. धुरानं माश्या पळतात हे अर्धवट ज्ञान आहे. त्या पळायच्या आधी उठतात. मोहोळ दिसलं की चूल लांब मांडा, मग पाहुणा कितीही मोठा असो. ज्याला पळता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसाला, लहान मुलाला, दावणीच्या बैलाला आधी तिथून हलवा.

माश्या उठल्याच तर हात झाडू नका, झटकू नका, चिरडू नका. तोंड-नाक कपड्यात घ्या आणि सरळ पळा, खूप लांब, बंद घरात किंवा गाडीत. पाण्यात उडी मारू नका. काटे नखानं किंवा जे हाताशी असेल त्यानं चटकन खरवडून काढा, वेळ लावू नका. श्वास लागला, घसा आवळला, चक्कर आली तर एका डंखालाही दवाखाना गाठा. आणि खूप डंख असतील तर बरं वाटतंय म्हणून घरी बसू नका. मलाही दुसऱ्या दिवशी बरंच वाटत होतं. लघवीचा रंग बघा, लाजू नका.

ऊन

वर्ष झालं. आबांचं वर्षश्राद्ध गावातल्या घरी होतं. मधल्या काळात गोकुळ आमच्या घरी आला नाही आणि मिस्टर त्याच्याकडे गेले नाहीत. मी एकटी बसनं जायची. घरात आम्ही डाळ-तांदूळ, मुलीचं कॉलेज, माझ्या गोळ्या, सगळं बोलायचो. तेवढं एक वाक्य सोडून. श्राद्धाला मिस्टर येतील असं मला वाटलं नव्हतं. ते सकाळी उठून, आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून गाडीत बसून राहिले.

शेतातल्या चिंचेवर माश्या परत आल्या होत्या, त्याच फांदीवर. गावातले दोघं-तिघं गोकुळला म्हणत होते की टेंभा लावून टाक एकदाचा. तो म्हणाला, "त्याइच्या घरात आपन धूर सोडला. त्या आपल्या घरात आल्या नव्हत्या." बाज त्यानं केव्हाच तिथून हलवली होती. चिंचेभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं, कुणी जाऊ नये म्हणून.

जेवणाची पंगत घरापुढच्या मांडवात होती. जावई म्हणून मिस्टरांसाठी मांडवाच्या आत खुर्ची ठेवलेली. गोकुळनंच ठेवली होती, त्यात कमी केली नाही. मिस्टरांनी ती खुर्ची उचलली, मांडवाबाहेर नेली आणि भर उन्हात ठेवून तिच्यावर बसले. पंगतीतली माणसं बघायला लागली.

"दाजी, उन्हात काहाले बसता?" गोकुळ म्हणाला. वर्षात त्यांच्याशी बोललेलं त्याचं ते पहिलं वाक्य.

मिस्टर त्याच्याकडे न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मागच्या वेळी सावली मी मागितली होती. ढीग मी हलवायला लावला. हा नको म्हणत होता."

वाढणारे थांबले. वहिनीच्या हातातली वरणाची बादली तशीच राहिली. माझे डोळे भरून आले. इतके दिवस याच वाक्याची मी वाट पाहिली होती.

गोकुळ पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्यापर्यंत गेला. तो त्यांच्या हातात दिला. मग हळूच म्हणाला, "हे ऐकाले आबा पाह्यजे व्हते, दाजी. त्याइनंबी तवा तुमचंच ऐकलं. आज त्याइले वाटलं असतं, आपन गोकुयचं ऐकाले पाह्यजे व्हतं."

तो पंगत वाढायला परत गेला. मिस्टर तांब्या हातात धरून जेवण संपेपर्यंत उन्हात बसून राहिले.